‘पिक अप’चा नेमका वापर कसा कराल?

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नव्याने रुजू झालेला मुलगा परदेशी ग्राहकाबरोबरच्या ऑनलाइन बैठकीत बसलेला असतो. तासाभरात त्याच्या कानावर तीन वाक्ये पडतात. ‘कॅन यू पिक धिस अप?’, ‘युअर माइक इज पिकिंग अप अ लॉट ऑफ नॉइज’ आणि बैठक संपता संपता, ‘लेट्स पिक धिस अप टुमॉरो’. तिन्ही वाक्यांत ‘पिक अप’ आहे, पण हाताने उचलावी अशी वस्तू एकातही नाही. पहिल्या वाक्यात ‘हे काम तू घेशील का?’ असा प्रश्न आहे. दुसऱ्यात ‘तुझ्या माइकमधून आजूबाजूचा गोंगाट फार ऐकू येतोय’ अशी तक्रार आहे. तिसऱ्याचा अर्थ ‘राहिलेलं उद्या पुढे नेऊ’ असा आहे. ‘पिक अप म्हणजे उचलणे’ एवढेच पाठ असलेला मुलगा इथे अडखळतो आणि आपले इंग्रजीच कच्चे आहे अशी समजूत करून घेतो.

ही समजूत चुकीची आहे. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, पण रोजच्या बोलण्यातली ही जोडक्रियापदे बहुधा यादीच्या रूपानेच मुलांसमोर येतात. यादी परीक्षेपुरती टिकते, बोलताना आठवत नाही. म्हणून या लेखात एकच क्रियापद घेऊन ते मुळापासून पाहू. हे एक नीट समजले की बाकीच्यांकडे कसे पाहायचे तेही कळेल.

हेच क्रियापद का?

साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘ऑन’ असा छोटा शब्द जोडून जे नवे क्रियापद तयार होते, त्याला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाले. पण परक्यांना पडणारा पेच त्याहून जुना आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले होते की, परभाषकांना सर्वांत जास्त अडचण या प्रकारच्या जोडणीची होते. तेव्हा तुम्ही अडत असाल तर त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही.

‘पिक अप’ निवडण्याचे कारण त्याच्या वापरात आहे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली, सुमारे दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या संग्रहात कोणती जोडक्रियापदे किती वेळा येतात ते मोजले. ‘गो ऑन’, ‘कॅरी आऊट’ आणि ‘सेट अप’ यांच्यानंतर चौथा क्रमांक ‘पिक अप’चा लागला. नऊ हजारांहून जास्त वेळा ते त्या संग्रहात आले होते. शिकायला घेतलेला वेळ ज्याच्यावर वसूल होतो, असे हे क्रियापद आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. ‘पिक अप’चा अर्थ शेजारच्या नामावरून ठरतो. कोण पिक अप करते आणि काय पिक अप करते, हे दोन प्रश्न विचारले की अर्थ बहुतेक वेळा आपोआप समोर येतो. शेजारी पेन असेल तर उचलणे, मुलगी असेल तर घ्यायला जाणे, सर्दी असेल तर होणे, बिल असेल तर भरणे. म्हणून ‘पिक अप’ एकटे पाठ करू नका. ‘पिक अप द फोन’, ‘पिक अप द किड्स’, ‘पिक अप स्पीड’ असे नामासकट पाठ करा.

खालून वर घेणे

मूळ अर्थ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘शी पिक्ड अप हर बॅग’ म्हणजे तिने पिशवी उचलली. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेणेही ‘पिक अप’च. पडलेला माणूस स्वतःला सावरून उठला, तर ‘ही पिक्ड हिमसेल्फ अप’. धंद्यात खोट खाऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसाबद्दलही हेच वाक्य म्हणतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली ‘लिफ्ट’ची. ‘लिफ्ट’मध्ये भर असतो तो वजन वर नेण्यावर. कपाट लिफ्ट करतात, चमचा पिक अप करतात. दुसरी चूक नुसत्या ‘पिक’ची आहे. ती नीट कळण्यासाठी अंगणातली फुलझाडे डोळ्यांसमोर आणा. जास्वंद आपण झाडावरून तोडतो, म्हणून ‘आय पिक्ड अ हिबिस्कस’. प्राजक्ताची फुले पहाटे खाली पडलेली असतात, ती आपण वेचतो, म्हणून ‘आय पिक्ड अप द फ्लॉवर्स’. झाडावरून खुडले तर ‘पिक’, जमिनीवरून वेचले तर ‘पिक अप’. मराठीत मात्र कापूसही ‘वेचतात’, आणि तो तर झाडावरच असतो. त्यामुळे विदर्भातल्या मुलाने सवयीने ‘पिक अप कॉटन’ लिहिले, तर शेतात सांडलेला कापूस गोळा करतायत असे चित्र उभे राहील. कापूस वेचणीला इंग्रजीत ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात, तिथे ‘अप’ नको.

नुसत्या ‘पिक’चा आणखी एक अर्थ निवडणे हा आहे. ‘पिक अ कलर’ म्हणजे रंग निवड. ‘पिक अप अ कलर’ म्हणालात तर रंगाची बाटली उचलून आण, असे ऐकणाऱ्याला वाटू शकते.

घ्यायला जाणे, येता येता आणणे

‘मी तुला स्टेशनवर घ्यायला येतो’ हे वाक्य आपण रोज बोलतो. त्याचे इंग्रजी करताना ‘घेणे’ मनात असते, म्हणून ‘आय विल कम टू टेक यू’ असे तोंडात येते. सहज इंग्रजी आहे ‘आय विल पिक यू अप ॲट द स्टेशन’. मुलांना शाळेतून आणणे, पाहुण्यांना विमानतळावरून आणणे, टॅक्सीने प्रवासी घेणे, या सगळ्यांना ‘पिक अप’ चालते. याच्या उलट, पोहोचवून देण्याला ‘ड्रॉप ऑफ’ म्हणतात.

वस्तूंचेही तसेच. इस्त्रीचे कपडे, कुरिअरचे पाकीट, दुकानात सांगून ठेवलेला केक आणायचा असेल तर ‘पिक अप’. घरी येता येता काही विकत आणायचे असेल तरीही तेच. ‘कॅन यू पिक अप सम मिल्क ऑन युअर वे होम?’ म्हणजे येताना दूध आणशील का? यात पैसे देऊन आणणे गृहीत आहे. ‘बाय’ शब्द नाही म्हणून बिचकू नका.

कानावर पडून शिकणे

मराठीत आपण ‘पोरगं भाषा पटकन उचलतं’ म्हणतो, आणि इंग्रजीतही नेमके हेच म्हणतात. बेंगळुरूत वाढणारी मराठी मुले खेळता खेळता कन्नड शिकतात, ते ‘दे पिक अप कन्नडा’. पण वर्गात बसून, पुस्तक लावून, परीक्षा देऊन शिकलेल्या गोष्टीला ‘लर्न’ किंवा ‘स्टडी’ म्हणावे. हा फरक नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडतो. ‘आय पिक्ड अप एक्सेल ॲट वर्क’ याचा अर्थ काम करता करता जमेल तसे शिकलो. तुम्ही रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केला असेल, तर हे वाक्य तुमचे शिक्षण कमी करून सांगते. तिथे ‘आय डिड अ कोर्स इन एक्सेल’ हेच सांगा.

बोलण्याची लकब, सवय, युक्ती यांनाही हे क्रियापद लागते. वाईट सवय लागली तर ‘ही पिक्ड अप अ बॅड हॅबिट’.

आजार लागणे

‘आय पिक्ड अप अ कोल्ड ऑन द ट्रेन’ म्हणजे गाडीत मला सर्दी लागली. हा वापर संसर्गाने येणाऱ्या दुखण्यांपुरताच ठेवा. सर्दी, ताप, पोटाचा संसर्ग इथे तो शोभतो. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांना ‘पिक अप’ म्हणू नका. ते ‘डेव्हलप’ होतात, किंवा माणसाला सरळ ‘हॅव’ असतात.

फोन, माइक, तपासणी

फोन उचलणे हे ‘पिक अप’च. इथे नाम नसले तरी चालते. ‘आय कॉल्ड ट्वाइस, बट नोबडी पिक्ड अप’ म्हणजे दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. आपल्याकडे अनेक जण ‘ही डिडन्ट लिफ्ट द फोन’ म्हणतात. भारतात ते समजते, पण परदेशी माणसाशी बोलताना ‘पिक अप’ किंवा ‘आन्सर’ वापरलेले बरे.

यंत्राने आवाज, सिग्नल किंवा हालचाल टिपणे हा त्याला लागूनच असलेला अर्थ. रेडिओ स्टेशन ‘पिक अप’ करतो, माइक कुकरची शिट्टी ‘पिक अप’ करतो, कुत्रा वास ‘पिक अप’ करतो. वैद्यकीय तपासणीत आजार लवकर सापडला, तर ‘द टेस्ट पिक्ड इट अप अर्ली’. या सगळ्यांना मराठीत ‘टिपणे’ किंवा ‘लक्षात येणे’ म्हटले की बसते.

याच्यापुढे ‘ऑन’ लागला की एक वेगळे क्रियापद तयार होते. ‘पिक अप ऑन’ म्हणजे कोणी न बोलताही ओळखणे. ‘शी पिक्ड अप ऑन हिज वरी’, म्हणजे त्याची काळजी तिने ओळखली. कोणाच्या तरी बोलण्यातला धागा पकडून पुढे बोलायचे असेल तेव्हाही ते कामी येते. ‘आय वुड लाइक टू पिक अप ऑन युअर पॉइंट’ हे बैठकीत म्हणण्यासारखे, सभ्य आणि सोपे वाक्य आहे.

जोर धरणे

इथे कोणी काही उचलत नाही, गोष्ट आपली आपणच वर येते. धंद्याला उठाव आला, वारा वाढला, प्रकृती सुधारू लागली, तर इंग्रजीत ‘सेल्स पिक्ड अप बिफोर दिवाली’ किंवा ‘द विंड इज पिकिंग अप’ म्हणतात. या अर्थी कर्मणी रचना करू नका. ‘सेल्स वेअर पिक्ड अप’ हे चूक आहे.

वेगाचा प्रयोग जरा निराळा आहे, कारण तिथे ‘स्पीड’ हा शब्द पुढे येतो. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीला बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. चढ संपून लोणावळा मागे पडले की गाडी वेग घेते, तेव्हा ‘द ट्रेन पिक्स अप स्पीड आफ्टर लोनावला’. काम रेंगाळले असेल आणि सहकाऱ्यांना न दुखावता घाई करायला सांगायचे असेल, तर ‘वुई नीड टू पिक अप द पेस’ म्हणावे.

मराठीने याच अर्थाचा ‘पिकअप’ आपलासा केला आहे. ‘गाडीला पिकअप नाही’, ‘दुकानाने आता पिकअप घेतला’ असे आपण सर्रास म्हणतो. मराठीत ते योग्यच आहे. पण ते जसेच्या तसे इंग्रजीत नेऊन ‘द शॉप टुक पिकअप’ म्हणू नका. ‘घेणे’ इथे मराठीचे आहे. इंग्रजीत ‘बिझनेस हॅज पिक्ड अप’ एवढे पुरते.

सोडलेला धागा पुन्हा हाती घेणे

‘लेट्स पिक अप व्हेअर वुई लेफ्ट ऑफ’ म्हणजे जिथे थांबलो होतो तिथून पुढे सुरू करू. शिक्षक, वक्ते, कार्यालयातले लोक हे वाक्य सतत वापरतात. खूप वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणींच्या गप्पा कालच थांबल्यासारख्या सुरू झाल्या, तर तिथेही हेच म्हणतात. संगणक क्षेत्रात कोणाकडेही न दिलेले काम स्वतःकडे घेण्याला ‘पिक अप अ टास्क’ म्हणतात. सुरुवातीच्या प्रसंगातला ‘कॅन यू पिक धिस अप?’ तो हाच.

बिल भरणे

‘आय विल पिक अप द बिल’ म्हणजे सगळ्यांचे पैसे मी देतो. अमेरिकेत ‘बिल’ऐवजी ‘चेक’ किंवा ‘टॅब’ ऐकायला मिळेल. यात दुसऱ्यांच्या वतीने भरणे हा भाग महत्त्वाचा आहे. स्वतःपुरते पैसे दिले तर नुसते ‘पे’ म्हणतात. कंपनीने प्रवासखर्च उचलला, सरकारने उपचाराचा खर्च उचलला, यांनाही ‘पिक अप द कॉस्ट’ चालते. मराठीतही आपण ‘खर्च उचलला’ म्हणतो, त्यामुळे हे लक्षात ठेवणे सोपे जाते.

इथे जपून

बारमध्ये किंवा पार्टीत अनोळखी व्यक्तीशी शारीरिक जवळिकीच्या हेतूने ओळख काढणे, असाही ‘पिक अप’चा अर्थ आहे. म्हणून ‘आय पिक्ड अप अ गर्ल’ एवढेच म्हणून थांबू नका. ‘आय पिक्ड अप माय कझिन फ्रॉम द एअरपोर्ट’ असे नाते आणि ठिकाण सांगितले की गैरसमजाला जागा उरत नाही.

पोलिसांनी एखाद्याला ताब्यात घेतले, तर ‘द पोलीस पिक्ड हिम अप’. ‘पोलिसांनी उचलला’ याच्याशी ते तंतोतंत जुळते. बातमीत किंवा अर्जात मात्र ‘डिटेन’ किंवा ‘अरेस्ट’ यांतला नेमका शब्दच लिहावा, कारण कायद्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

अमेरिकेत मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी दोन वाक्ये माहीत करून घ्यावीत. ‘पिक अप युअर रूम’ म्हणजे खोली आवर. आणि बागेत पाटी दिसते, ‘प्लीज पिक अप आफ्टर युअर डॉग’. याचा अर्थ कुत्र्याने केलेली घाण तुम्ही उचला. कुत्र्याला उचलून घ्या असा नव्हे.

रचनेचे चार नियम

पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा. सर्वनाम असेल तर ते मधेच घालायचे. ‘पिक इट अप’, ‘पिक मी अप’, ‘पिक देम अप’ हे बरोबर. ‘पिक अप इट’ हे कधीही चूक. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात, ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’. नाम लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर ‘अप’ फार दूर पडतो.

दुसरा नियम ‘पिक अप ऑन’चा. हे तीन शब्द एकत्रच राहतात. ‘पिक अप ऑन इट’ म्हणायचे, मधे काही घालायचे नाही.

तिसरा नियम लेखनाचा. क्रियापद असेल तर रोमन लिपीत दोन शब्द सुटे लिहा. नाम असेल, म्हणजे गाडी, मालवाहतुकीची जीप किंवा प्रवासी घेण्याचे ठिकाण, तर शब्द जोडून लिहा. बोलताना नामात ‘पिक’वर जोर येतो, क्रियापदात तो सहसा ‘अप’वर येतो.

चौथा नियम उच्चाराचा. भूतकाळी रूप आपण ‘पिक्ड’ लिहितो, पण शेवटचा उच्चार ‘ट’ होतो, ‘पिक्ट अप’ असा. आणि ‘पिक इट अप’ हे तीन शब्द भराभर बोलताना एकच होतात, ‘पिकिटप’. अमेरिकी माणसाच्या तोंडी ते ‘पिकिडप’ असे ऐकू येते. हा आवाज कानाला ओळखीचा झाला की सिनेमातले निम्मे कोडे सुटते.

पत्रात काय लिहावे?

‘पिक अप’ बाजारू किंवा हलके नाही, वर्तमानपत्रेही अर्थव्यवस्थेबद्दल ते वापरतात. तरी औपचारिक पत्रात नेमका शब्द अधिक शोभतो. कागदपत्रे घेऊन जाण्यासाठी ‘कलेक्ट’, काम पुन्हा सुरू करण्यासाठी ‘रिझ्यूम’, कौशल्य मिळवण्यासाठी ‘ॲक्वायर’, दोष सापडण्यासाठी ‘डिटेक्ट’, सुधारणेसाठी ‘इम्प्रूव्ह’ लिहा. पण हेच शब्द घरगुती बोलण्यात आणलेत तर बोलणे कृत्रिम होते. आपल्या लेकीला शाळेतून ‘कलेक्ट’ करणारे इंग्लंडमध्ये भेटतील, पण ‘पिक अप’ सगळीकडे चालते.

सराव कसा करावा?

विद्यार्थ्यांसाठी बनवलेला शब्दकोश वापरा. केंब्रिज आणि ऑक्सफर्डचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात नोंदीमध्ये ‘एसबी’ दिसले तर तिथे माणूस येतो, ‘एसटीएच’ दिसले तर वस्तू. ही अक्षरे क्रियापदाच्या आणि ‘अप’च्या मधे दिसली, तर नाम मधे घालता येते हे समजावे.

वहीत एका पानावर ‘पिक अप’ लिहून खाली सगळे अर्थ उतरवू नका. त्यापेक्षा रोज एकच अर्थ घ्या आणि त्या दिवशी स्वतःच्या आयुष्यात खरे ठरेल असे एक वाक्य करा. तुमच्या मुलीची शाळा, तुमची बस, तुमचे दुकान त्यात येऊ द्या. मग ते वाक्य कोणाला तरी मोठ्याने सांगा किंवा मेसेज करून पाठवा. खऱ्या माणसाला पाठवलेले वाक्य विसरत नाही.

आता ही पाच वाक्ये लेखाकडे न पाहता इंग्रजीत करून पाहा. एक, मला सहा वाजता घ्यायला ये. दोन, आज जेवणाचे पैसे मी देतो. तीन, तिने शेजाऱ्यांकडून गुजराती शिकून घेतली. चार, पावसाळ्यानंतर धंदा वाढला. पाच, तो रुमाल पडलाय, उचल.

उत्तरे अशी: ‘पिक मी अप ॲट सिक्स.’ ‘आय विल पिक अप द बिल टुडे.’ ‘शी पिक्ड अप गुजराती फ्रॉम हर नेबर्स.’ ‘बिझनेस पिक्ड अप आफ्टर द मॉन्सून.’ आणि पाचव्यात ‘रुमाल’ आधीच येऊन गेला, म्हणून सर्वनाम मधे: ‘दॅट हँकरचीफ हॅज फॉलन, पिक इट अप.’

पाचपैकी तीन जमली तरी पाया पक्का आहे असे समजा. पुढच्या आठवड्यात याच पद्धतीने ‘टेक ऑफ’ घ्या. शेजारी विमान आले तर काय, बूट आले तर काय, सुट्टीचा दिवस आला तर काय, असे विचारत जा. अर्थ पाठ करण्याचे ओझे उतरेल आणि कान उघडे ठेवण्याची सवय लागेल. भाषा येते ती याच सवयीने, आणि त्यासाठी वयाची अट नाही.